तळ्याची खतावणी

आम्हा बँकवाल्यांची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा असते : जे खात्यात नोंदलेलं नाही, ते घडलेलंच नाही. काउंटरवर येऊन तुम्ही कितीही शपथा घ्या; आधी व्हाउचर दाखवा, मग बोलू.

म्हणूनच की काय, तळीसुद्धा हजारो वर्षांच्या नोंदी ठेवतात हे वाचल्यावर मला त्यांच्याविषयी भलतीच आपुलकी वाटू लागली. तळ्याच्या बुडाशी थरावर थर गाळ साचतो आणि त्यात आसपासच्या झाडांचे परागकण पडतात. कणाचं कवच मोठं चिवट. हवा न पोचणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. शास्त्रज्ञ गाळात नळी खुपसतात, थर वर काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजतात. झाडांचे कण घटून गवताचे वाढले, की बहुधा पाऊस उणावलेला. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली दलदलींतल्या परागांचे असे तक्ते विद्वानांच्या सभेपुढे मांडले. ट्रायल बॅलन्सच म्हणा ना!

पण या हिशेबात एक गोम आहे. पाईनचं झाड पराग अक्षरशः उधळतं. त्याच्या कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो मैलोगणती उडतो. तळ्याकाठी एकही पाईन नसला तरी गाळात त्याची हजेरी लागते! उलट मधमाश्यांवर भिस्त ठेवणारी झाडं बेताचेच पराग करतात. मॅपलही तसा हातचं राखूनच. रान मॅपलनं भरलेलं असलं तरी तळ्यात त्याचे कण थोडके. खतावणी पाहावी तर पाईन सावकार आणि मॅपल कंगाल.

अमेरिकेच्या मार्गारेट डेव्हिस यांनी १९६३ साली यावर नेमकं बोट ठेवलं. आजच्या रानात कुठलं झाड किती आणि गाळात त्याचे कण किती, हे आधी ताडून बघा. मग त्या प्रमाणात बोलघेवड्यांना भागा, अबोलांना गुणा.

माणसांच्या बाबतीत हे गणित कोण करतो? अण्णांच्या घरकर्जाची फाइल माझ्या कपाटात आहे, हप्त्यागणिक पावती. ते हप्ते भरता यावेत म्हणून आईनं सहा वर्षं स्वतःला एक नवी साडी घेतली नाही. त्याची पावती कुठल्या फाइलीत? पाहुण्यांनी विचारलं, ‘घर कुणी घेतलं?’ की उत्तर ठरलेलं : अण्णांनी. ते खोटं नाही. गाळातला पाईन तरी कुठे खोटा असतो?

आणि गुणायचं झालं तरी निदान एक कण हाती लागावा लागतो. शून्याला कितीनंही गुणा, शून्यच. पाईनची चिंता नको, तो आपला आपण उडेल. अबोलांचा कण मात्र कुणीतरी गाळात टाकायला हवा.

म्हणून मी त्या फाइलीत एक कागद लावला. तारीख घातली आणि लिहिलं : ‘सहा वर्षं, साडी नाही.’ सहीसाठी आईपुढे धरला, तर चष्मा लावून वाचला नि म्हणाली,

‘‘यात लिहिण्यासारखं काय आहे रे?’’