भीतीतून आलेली भक्ती खरी का? (गीता ७.१६)



आजचं चिंतन गीतेच्या सातव्या अध्यायातल्या सोळाव्या श्लोकावर. भगवंत अर्जुनाला सांगतात की मला भजणारे पुण्यवान लोक चार प्रकारचे असतात. संकटात सापडलेला आर्त, जाणून घ्यायची ओढ असलेला जिज्ञासू, काहीतरी मिळावं म्हणून आलेला अर्थार्थी आणि चौथा ज्ञानी. अठराव्या श्लोकात ज्ञानी हा माझा आत्माच, असं म्हणण्याआधी भगवंत या चौघांनाही उदार ठरवतात. म्हणजे सगळे उपाय थकल्यावर, घाबरून, रडत दारात आलेला माणूससुद्धा परत पाठवला जात नाही.

हा श्लोक वाचला की मला एक अल्बम आठवतो. नाव ऐकून काही जण दचकतील. ब्लॅक सॅबथचा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’, १९७१ सालचा.

हेवी मेटल म्हटलं की सैतानाची पूजा, असं एक समीकरण आपल्याकडेही रुजलंय. ते मुळात चिकटलं ते याच बँडला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीच्या भागातली ही चार पोरं. गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात काम करताना तुटली होती. बोटांवर ताण कमी यावा म्हणून या अल्बममध्ये त्याने गिटारच्या तारा आणखी सैल केल्या. त्यामुळे आवाज आणखी खाली, आणखी जड झाला. १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या आतल्या बाजूला रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारताच उलटा क्रूस छापला. शिक्का बसला तो बसलाच. पण त्यांची बहुतेक गाणी लिहिणारा, बास वाजवणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरात वाढलेला होता.

हा अल्बम काही स्तोत्रसंग्रह नाही, हे आधीच सांगतो. पहिलंच गाणं चक्क गांजाचं कौतुक करतं. आणि लगेच दुसरं येतं, ‘आफ्टर फॉरएव्हर’. ते ऐकणाऱ्याला सरळ विचारतं की मेल्यानंतर आपल्या आत्म्याचं काय होईल याचा कधी विचार केलास का? मित्र हसतील म्हणून देव मानतोस हे सांगायला लाजतोस का? आज टिंगल करतोयस, पण मरण जवळ आल्यावर ती टिंगल टिकेल का? काळ लक्षात घ्या. शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते. धर्माचं नाव काढायचीही लाज वाटावी असे ते दिवस. तेव्हा तरुण पोरांपुढे, इतक्या मोठ्या आवाजात हे विचारायला हिंमत लागत असणार.

मित्र हसतील हा प्रश्न आपल्यालाही लागतो. एकादशीचा उपवास ऑफिसमध्ये ‘डाएट चालू आहे’ म्हणून खपवणारे, गळ्यातली तुळशीची माळ कॉलरच्या आत सरकवणारे कितीतरी जण आपल्यात आहेत. कळपाला घाबरून श्रद्धा लपवायची, आणि दुसऱ्या कळपात गेलं की तीच मिरवायची. दोन्हीकडे निर्णय कळपाचाच.

आता मुख्य प्रश्न. मरणाच्या भीतीने आठवलेला देव खरा का? भीती वाटते म्हणून देव मानायचा, हा तर इन्शुरन्स झाला, असं माझे नास्तिक मित्र म्हणतात. आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. हप्ता भरला, पॉलिसी ड्रॉवरमध्ये टाकली आणि विसरलो, तर तो व्यवहारच आहे. पण गीतेची यादी आर्तापासून सुरू होते. भीती हे दार आहे. दारातून आत आलेल्या माणसाला ‘तू कोणत्या दाराने आलास’ असं कोणी विचारत नाही. प्रश्न एवढाच, की आत आल्यावर तो पुढे सरकतो की उंबऱ्यावरच बसून राहतो.

‘आफ्टर फॉरएव्हर’ पुढे सरकतं. देव हाच प्रेमाकडे जायचा मार्ग, असंही ते सांगतं. पण एका ठिकाणी ते मला टोचतं. बोलणारा म्हणतो की मला प्रकाश दिसलाय, मी सुधारलोय, शेवटच्या दिवशी तुम्ही एकटे आणि घाबरलेले असाल तेव्हा मी मात्र तयार असेन. इथे भक्तीत काहीतरी मिसळलं, लक्षात आलं का? समोरचा घाबरेल, या कल्पनेचं थोडंसं समाधान.

याच अल्बममध्ये पुढे ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ आहे. त्यात सैतान स्वतः ‘मी’ म्हणून बोलतो. याला सैतानाची भक्ती समजणाऱ्यांनी एकनाथ महाराजांची भारुडं आठवावीत. नाथ कधी भुत्या होऊन बोलतात, कधी विंचू चावलेली बाई होऊन कळवळतात. म्हणून नाथांना भूतबाधा झाली होती असं आपण म्हणतो का? तो विंचू म्हणजे काम-क्रोध, हे ऐकणाऱ्याला कळतं. इथेही बोलणारा सैतान माणसाला आरसा दाखवतो. तो म्हणतो, तुझं जग वरच्या कोणीतरी घडवलं होतं, पण त्याचा मालक मला केलंस ते तूच. हाव आणि गर्व यांच्या नादात तू माझ्याकडे वळलास, मग मरताना वळशील का माझ्याकडे?

म्हणजे मरणाचा तोच प्रश्न अल्बममध्ये दोन तोंडांनी येतो. एकदा श्रद्धाळू माणूस नास्तिकाला विचारतो, एकदा सैतान आपल्याच माणसाला विचारतो. आणि सैतान ज्या गर्वावर बोट ठेवतो, तोच गर्व त्या श्रद्धाळूच्या बोलण्यातही डोकावतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात, चौथ्या श्लोकात आसुरी संपत्तीची लक्षणं मोजली आहेत: दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा, अज्ञान. या यादीत कुठेही ‘देव न मानणं’ असं लिहिलेलं नाही. माळ घातलेल्या माणसालाही ही सहा लक्षणं चिकटू शकतात, आणि माळ असली की ती दिसायला वेळ लागतो.

म्हणून भीतीतून आलेली भक्ती खरी का, याचं उत्तर मला आता असं दिसतं. स्वतःच्या भीतीने देवाकडे गेलेला माणूस आर्त आहे, त्याचं स्वागत आहे. दुसऱ्याच्या भीतीवर ज्याची श्रद्धा पोसते, तो देवाकडे तोंड करून उभा असला तरी चाललाय उलट्या दिशेने. ज्ञानेश्वर माऊलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा वाकडेपणा जावा आणि जीवमात्रांत मैत्री व्हावी, असं मागितलं. ‘मी तयार आहे, तुमचं तुम्ही बघा’ याला त्या मागण्यात जागाच नाही.

मग असं संगीत ऐकावं का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर सोपं आहे. ऐकून उठल्यावर मन कुठे गेलं ते बघा. भजन ऐकूनही माणूस तुसडा राहू शकतो, आणि गिटारच्या गडगडाटातूनही एखादा प्रश्न आत शिरू शकतो.

आजचा अभ्यास एकच. देव न मानणारा एखादा मित्र, सहकारी, नातेवाईक डोळ्यांसमोर आणा. उद्या त्याच्यावर मोठं संकट आलं आणि तो घाबरला, तर तुमच्या मनात पहिलं काय येईल? ‘आता आठवला ना देव!’ की ‘चल, मी येतो तुझ्याबरोबर हॉस्पिटलला’? दुसरं येत असेल, तर देवाचं नावही न घेता तुम्ही त्याला आर्ताच्या दारापर्यंत सोबत दिली. आणि पहिलं येत असेल, तर आजचं नामस्मरण तिथूनच सुरू करूया.

उद्या सतरावा श्लोक, ज्ञानी भक्ताचा.

राम कृष्ण हरी.