गाडीला नावं ठेवणं बंद कर

गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही, पिकअप नाही, घेऊन फसलो, असं तू चौकात सांगत फिरतोस म्हणे. खोट गाडीत नाही, तुझ्या पायात आहे. आणि यातलं विज्ञान तू माझ्याच वर्गात शिकलास, म्हणून जास्त राग येतो.

बारामती ते इंदापूर साधारण 50 किलोमीटर. ताशी 80 ने 38 मिनिटं, 110 ने 27. भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी इथं वेग कमी करावाच लागतो, म्हणजे ती 11 मिनिटंही पुरती हाती लागत नाहीत. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 110 वर गेलास की तो जवळजवळ दुप्पट. मग पेट्रोल जाणार नाही तर काय होईल? कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढतात, आणि त्या चाचणीत वेग 90 च्या वर जातच नाही. शिवाय पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. त्यात उष्णता कमी, त्यामुळे लिटरमागे अंतर थोडं घटणारच. उसाच्या गावात राहून हे तुला ठाऊक नाही?

पिकअपचं तर बोलूच नकोस. उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी पाचव्या गिअरमध्ये ओलांडायला जातोस आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसतोस. छोट्या पेट्रोल इंजिनाची ओढ वरच्या फेऱ्यांना असते. आधी तिसरा टाक, समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसू दे, मग निघ. दिसत नसेल तर मागेच थांब. गळीत हंगामात रात्री कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. घरची माणसं बसलेली असतात तुझ्या गाडीत, एवढं तरी भान ठेव!

आता म्हणे उसाचं बिल डाऊन पेमेंटला घालून मोठी गाडी घेणार, छोट्या गाडीत मान राहत नाही म्हणून. ज्यांच्या नावानं आपल्या तालुक्यात वालचंदनगर वसलं, त्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिथल्या 1,089 सीसीच्या फियाटनं जेमतेम 40 अश्वशक्तीवर कितीतरी घरांना वर्षानुवर्षं फिरवलं. तुझ्या 1.2 लिटरच्या इंजिनात 80 च्या वर आहे. वजन बेताचं, ताकद पुरेशी, खर्च आवाक्यातला. तुझ्या घराला याहून जास्त काय हवंय, ते मला एका वाक्यात सांग. मान हप्त्यावर मिळत नाही.

उद्या सकाळी चाकं थंड असताना हवा तपास. किती हवी ते दाराच्या चौकटीवर लिहिलेलं आहे. क्लचवर पाय ठेवून चालवणं सोड. टाकी फुल कर, किलोमीटर लिहून ठेव, पुन्हा फुल कर आणि भागाकार कर. असं सलग तीन टाक्या. वही मला आणून दाखव. तोवर कर्जाच्या कागदावर सही करायची नाही.