गाय धापा टाकते अन् तू बादली मोजतोस?

हा तुझा केस-पेपर. आधी मोठ्याने वाच. ‘एचएफ संकरित, तिसरं वेत, दूध 22 लिटरवरून 15 वर. कारण : उन्हाळा. उपाय : कॅल्शियम; पुढच्या माजाला जास्त दुधाच्या एचएफ वळूच्या रेताची कांडी.’ आनुवंशिकीच्या पेपरात पहिल्या वर्गाचे गुण मिळवणाऱ्या मुलाने हे लिहावं? कारणाच्या जागी ऋतूचं नाव टाकून मोकळा झालास आणि आजाराचं मूळ पुढच्या पिढीत पेरायला निघालास.

काल दुपारी दोनला मी त्या गोठ्यावर गेलो होतो. डोक्यावर दीड हातावर पत्रा, तिन्ही बाजूंनी भिंत. गाय उभी होती, बसायला तयार नव्हती. मान लांबवलेली, तोंड उघडं, लाळेची तार जमिनीला टेकलेली. तिच्या कुशीकडे बघत मी घड्याळ लावून श्वास मोजले : मिनिटाला 84. साठच्या वर गेले की जनावर उन्हाने बेजार झालंय, हे तुझ्याच वहीत आहे. तुझ्या कागदावर मात्र श्वासाचा रकाना कोरा. कारण तू गेलास सकाळी सातला, दुधाच्या गाडीच्या वेळेला. रात्रभर निवलेली गाय बघून तू तिच्या दुपारचं निदान केलंस!

‘सर, ऊन तेव्हा फार नव्हतं,’ हे मला सांगू नकोस. नुसत्या पाऱ्यावर जाऊ नये, त्याला हवेतल्या दमटपणाची जोड द्यावी, म्हणून तर तापमान-आर्द्रता निर्देशांक शिकवला. 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असली तरी तो 72 च्या पुढे जातो. आपल्याला आल्हाददायक वाटणारी ही हवा भरपूर दूध देणाऱ्या गाईला बाधायला लागलेली असते. 32 अंशाला त्याच दमटपणात तो 82 वर जातो. हे गणित करायला दोन मिनिटं लागतात. तेवढी तुझ्याकडे नव्हती?

आता मुळाशी ये. दूध तयार होतं तेव्हा उष्णताही तयार होते. जितकं खाणं, जितकं दूध, तितकी आतली भट्टी मोठी. ती निवत नाही म्हणून गाय वैरण सोडते, रवंथ कमी करते. आणि दूध केवळ खाणं तुटल्यामुळे आटत नाही. घटीतला साधारण निम्माच भाग त्या खात्यावर जातो, बाकीचं काम शरीरातलं बदललेलं चयापचय करतं. म्हणून नुसतं कॅल्शियम पाजून हे भागत नाही.

2000 साली अमेरिकेत जॉर्जियाच्या संशोधकांनी दुधाच्या नोंदी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. जास्त दूध आणि उष्णता सोसणं, या दोन गुणांचा आनुवंशिक संबंध उलटा निघाला, उणे 0.3 च्या आसपास. याचा अर्थ नीट समजून घे. नुसती बादली बघून वळू निवडत गेलास, तर दर पिढीला गाय उन्हाला थोडी थोडी हळवी होत जाते. पण संबंध उणे एक नाही, उणे 0.3 आहे. म्हणजे दूधही देईल आणि ऊनही सोसेल अशी वंशावळ शोधली तर सापडते. ऑस्ट्रेलियाने 2017 पासून उष्णता सोसण्याचं वेगळं प्रजनन मूल्य काढायला सुरुवात केली, ती याच आधारावर.

आणि वर्गात तू मोठ्या उत्साहाने सांगितलेलं ते ‘स्लिक’ जनुक. कॅरिबियन बेटावरच्या सेनेपोल गाईंत प्रोलॅक्टिन रिसेप्टरमधल्या एका बदलाने केस आखूड, तुळतुळीत होतात, आणि तो बदल होल्स्टीनमध्ये, म्हणजे आपल्या एचएफमध्ये, आणल्यावर गाई उन्हात कमी तापतात. खरं आहे. पण आपल्या गीर गाईची सोशिकता त्या एका जनुकावर उभी नाही. घामाच्या ग्रंथी, कातडी, संथ चयापचय, पेशींचं उष्णतेपासून होणारं रक्षण, अशा कितीतरी जनुकांचं ते काम आहे. एक नाव पाठ केलं म्हणजे आनुवंशिकी आली असं होत नाही.

तू न विचारलेला प्रश्न मी गाईच्या मालकीणबाईंना विचारला : ‘मावशी, हिची आई कोणती?’ त्यांनी तीन पिढ्या सांगितल्या. पणजी गावठी, आजी अर्धी एचएफ, आई पाऊण, ही साडेसत्त्याऐंशी टक्के. तुझी कांडी भरली तर कालवड उतरेल जवळपास 94 टक्क्यांवर. त्याऐवजी साडेबासष्ट टक्क्यांचा, आपल्याच हवेत मुलींचं दूध मोजून पारखलेला संकरित वळू वापर, कालवड 75 वर येते. ब्राझीलने गीर घालून गिरोलॅन्डो उभी केली, मेरठच्या केंद्राने साहिवाल घालून फ्रीजवाल, त्या दोन्ही याच पाच-अष्टमांश हिशेबावर.

‘शेतकऱ्यालाच जास्त दूध हवं असतं,’ म्हणशील. हवंच आहे. त्या बाईंच्या दुधावर मुलाची फी आणि सोसायटीचा हप्ता चालतो. म्हणूनच चुकायचा अधिकार तुला नाही. आज भरलेल्या कांडीची कालवड विऊन दुधावर यायला तीन वर्षांहून जास्त लागतात. तेव्हा तू बदली होऊन कुठेतरी असशील, आणि वैशाखात त्या पत्र्याखाली ती एकटी उभी असेल.

आणि जनुकांच्या आड गोठा लपवू नकोस. भाकड काळात गाभण गाईने सोसलेली झळ पोटातल्या कालवडीच्या पुढच्या दुधावर दिसते. त्यामुळे पत्र्यावर पाचट, भिंतीला खिडकी, दिवसभर समोर गार पाणी, वैरण पहाटे आणि रात्री, हे आधी लिही. वळू त्याच्या खाली.

हा कागद फाडतो आहे. उद्या दुपारी दोनला जा, सकाळी नको. श्वास मोज, ताप घे, पणजीपर्यंत विचार. मग नवा केस-पेपर घेऊन ये. श्वासाचा रकाना कोरा असेल तर मी सही करणार नाही.