जबाबदारीची सीमा

२०१० च्या सुमारास बेंगळुरूच्या कोरमंगल भागातील एका छोट्या कंपनीत मी आयफोनसाठी ॲप लिहीत असे. २००८ च्या आयफोन थ्रीजीत मेमरी अवघी १२८ एमबी होती आणि तिचा मोठा वाटा फोनची यंत्रणाच वापरी. त्यामुळे पडद्यावरील प्रत्येक बटणाने, प्रत्येक लेबलने अडवलेली जागा वेळेवर मोकळी करणे हे प्रोग्रामरचेच कर्तव्य होते.

त्यामागचा नियम मोजका होता : ज्याने ऑब्जेक्ट निर्माण केला किंवा ‘रिटेन’ केला, म्हणजे धरून ठेवला, त्यानेच तो ‘रिलीज’ करावा, म्हणजे सोडावा. लेबल तयार झाले की त्याची गणना, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्यांची संख्या, १ होई; ती शून्यावर आली की त्याची जागा मोकळी होई. ते व्ह्यूमध्ये, म्हणजे पडद्यावरील चौकटीत, जोडले की व्ह्यूही ते धरून ठेवी आणि गणना २ होई. त्यानंतर आपण आपला हक्क सोडायचा, म्हणजे व्ह्यूबरोबर लेबलही नाहीसे होई. रिलीज राहून गेला तर मेमरी निमूटपणे गळत राही. एखादा जास्तीचा झाला तर ॲप कोसळे. कर्तव्यात कसूर करणे जितके घातक, तितकेच दुसऱ्याचे कर्तव्य परस्पर उरकणेही.

आमच्या गटात कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मराठी भाषक होते. तरीही परक्या कोडमधली वस्तू कोणी सोडायची, हे विचारावे लागत नसे. मेथडचे नाव ‘अलॉक’, ‘न्यू’, ‘कॉपी’ किंवा ‘म्युटेबलकॉपी’ने सुरू होत असेल तर सोडण्याचे दायित्व वस्तू मिळवणाऱ्याचे, एरवी नाही. परस्परांवरचा विश्वास सद्भावनेपेक्षा या स्पष्ट सीमेवर अधिक उभा होता.

२०११ मध्ये ॲपलने ही मोजदाद कंपायलरकडे सोपवली. कष्ट हलके झाले आणि ते योग्यच झाले. तथापि, दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून राहिले तर कोणाचीच गणना शून्यावर येत नाही आणि दोन्ही मेमरीत अडकून राहतात. म्हणून पडदा चालवणाऱ्या कंट्रोलरने त्यावरचे टेबल धरावे. टेबलला कंट्रोलर ठाऊक असावा, पण त्याने तो धरू नये. कोणते नाते ‘स्ट्राँग’ आणि कोणते ‘वीक’, हे आजही माणसालाच ठरवावे लागते.

नोंदी ठेवण्याचे श्रम यंत्राने अवश्य घ्यावेत. पण भार कोणी वाहायचा आणि कुठवर, हा विवेकाचा प्रश्न आहे. म्हणून नव्या सहकाऱ्यांना मी एकदा तरी कागदावर गणना मांडायला सांगतो. हिशेब यंत्राकडे गेला, तरी त्यामागचे दायित्व ज्याला समजले आहे, तोच ते नीट वाटून देऊ शकतो.