मुक्या जिवाचे भय आणि आपली अमानत

सशाची नखे कापणे हा या मासिकाचा विषय कसा काय, असे आपणास वाटेल. मलाही गेल्या वर्षापर्यंत तसेच वाटले असते.

आमच्या हमरापूरला गणेशमूर्तींचे कारखाने घरोघरी आहेत. हंगाम जवळ आला की रंग फवारणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर दिवसभर चालते आणि आमचा ससा पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून हलत नाही. अशाच दिवसांत त्याची नखे इतकी वाढली, की चटईच्या धाग्यांत अडकू लागली. मी त्याला मांडीवर घेतले, तर त्याने मागच्या पायांनी अशी लाथ मारली की मनगटावर ओरखडे उमटले. तेव्हा कुणीतरी सांगितलेला उपाय मी केला; त्याला उताणे धरले. क्षणात तो निश्चल झाला. पुढच्या पायांची पाच-पाच आणि मागच्यांची चार-चार, अशी अठराही नखे मी एका बैठकीत कापली. नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारले, "बाबा, तो झोपलाय की घाबरलाय?"

"शांत झालाय, बेटा," मी म्हणालो.

हे उत्तर मी ज्ञानावाचून दिले होते. नंतर पशुवैद्यांना विचारले तेव्हा कळले, की उताणा पडलेला ससा थिजतो तो शांतीने नव्हे. आपण शिकाऱ्याच्या तावडीत सापडलो आहोत, सुटका नाही, असे त्याच्या शरीराला वाटते आणि ते निपचित पडते. आत काळीज मात्र धडधडत असते. ज्याला मी संमती समजलो, ती त्याच्या भीतीची परिसीमा होती. पुढे कित्येक दिवस तो मुलीच्या हातचे गाजरही घेईना.

आता प्रश्न असा, की माझा हेतू शुद्ध होता, काम त्याच्या हिताचेच होते, मग त्याला वाटलेल्या भयाचा जाब मला द्यावा लागेल काय? कर्मे हेतूंवर अवलंबून असतात, ही हदीस आपणा सर्वांस पाठ आहे. परंतु तिचा आधार घेऊन आपण पुष्कळदा स्वतःची फार स्वस्तात सुटका करून घेतो.

प्रथम एक गोष्ट मान्य करू, की घरात जीव पाळणे निषिद्ध नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाजवळ, अबू उमैरजवळ, एक चिमुकला पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्या बालकाची प्रेमाने थट्टा करीत त्या पक्ष्याची विचारपूस करीत. यावरूनच विद्वानांनी अनुमती सांगितली. परंतु त्याच हदीस-संग्रहांत ती स्त्रीही आहे, जी एका मांजरीपायी नरकाग्नीस पात्र ठरली. तिचा अपराध नीट पाहा. तिने मांजरीला कोंडले, खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडामुंगी वेचून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. म्हणजे जमीन त्या मांजरीला जे देत होती ते या स्त्रीने तोडले आणि त्याची भरपाई केली नाही.

सशाच्या नखांचे कोडे मला येथे उलगडले. रानातला ससा माती उकरतो, खडकाळ जागी धावतो, त्याची नखे आपोआप झिजतात. आपण त्याला गुळगुळीत लादीवर आणले, म्हणून ती वाढली. नखे कापून आपण त्याच्यावर उपकार करीत नाही. आपणच अडवलेले जमिनीचे काम तेवढे पुरे करतो. आणि जमीन ते काम त्याला न घाबरवता करीत होती.

यावर कोणी म्हणेल, "मौलाना, ससा तर हलाल आहे. मर्रुज्जहरान येथे हजरत अनस (रजि.) यांनी पाठलाग करून ससा पकडला, तो जिबह झाला आणि त्याचे मांस प्रेषितांनी (स.) स्वीकारले. जो जीव खाण्यास अनुमती आहे, त्याच्या भीतीचे एवढे काय?" आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर जिबहच्याच प्रसंगात आहे. एक मनुष्य मेंढीला आडवी पाडून तिच्यासमोर सुरीला धार लावीत होता. प्रेषितांनी (स.) त्याला खडसावले, की तिला एकाहून अधिक वेळा मारतोस काय, धार आधीच का लावून ठेवली नाहीस? त्या मेंढीचे मरण वैध होते आणि ते काही क्षणांवर आले होते. तरीही त्या क्षणांतले भय हिशेबात धरले गेले. मग नखांसारख्या साध्या कामात ते वगळण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

फिकहचा नियम असा, की गरजेने मिळालेली सवलत गरजेपुरतीच असते. सदक्याच्या उंटांना ओळखीसाठी डाग दिले गेले, पण चेहऱ्यावर डाग देण्याचा कठोर निषेध झाला. गरज होती म्हणून मर्यादा उठली नाही. सशाबाबत गरज नखाच्या टोकाची आहे, साऱ्या शरीराला जखडण्याची नाही. त्याला कानांनी उचलू नये. ही पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. जमिनीवरच बसावे, कारण धडपडीत मागचे पाय जोराने झाडले तर त्याचा कणा मोडू शकतो. जुना पंचा अंगाभोवती गुंडाळून एकच पंजा बाहेर घ्यावा. पांढऱ्या नखात रक्तवाहिनीची गुलाबी रेघ दिसते, तिच्या अलीकडेच थांबावे. काळ्या नखामागे टॉर्च धरली की बहुधा तीही कळते. रक्त आलेच, तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. आणि एका वेळी दोन-तीन नखे पुरेत. अठरा नखे एकाच दमात कापण्याची घाई मला होती, सशाला नव्हती.

बी.ए.ला मराठी शिकताना ‘सशाचे काळीज’ या शब्दांवर आम्ही हसलो होतो. आता तसे हसू येत नाही. ज्याला नांगी नाही, सुळे नाहीत, त्याला अल्लाहने भयच कवच म्हणून दिले आहे. कुरआन, सूरह अल-अनआममध्ये, भूमीवरचे प्राणी आणि पक्षी यांना आपल्यासारखेच समुदाय म्हणतो. त्यांच्या भाषेत निपचित पडण्याचा अर्थ काय, हे जाणून घेणे आपल्यावरच आहे.

मुसनद अहमदमध्ये हजरत सवादा बिन रबी (रजि.) यांची एक रिवायत आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना उंट दिले आणि सांगितले, की घरच्यांना नखे कापावयास सांगा, म्हणजे दूध काढताना जनावरांच्या सडांना ओरखडे उठणार नाहीत. मदरशात ही रिवायत मी वाचली होती, पण नखे आधी कोणाची कापायची, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला जड जाते. मी मकतबमध्ये मुलांना शिकवतो. आवाज चढवला की वर्ग एकदम स्तब्ध होतो, आणि त्या स्तब्धतेला मी वर्षानुवर्षे अदब म्हणत आलो. पालकांना अभिमानाने सांगितलेही, की आमची मुले किती शांत बसतात. मुलीच्या त्या प्रश्नानंतर एका सकाळी मी पहिल्या रांगेतल्या एका मुलाकडे पाहिले. सबक चुकला होता आणि तो अगदी हालचाल न करता बसला होता. त्याला काय विचारावे, हे मला चटकन सुचले नाही. मी त्याला बाकीच्यांपासून थोडा दूर नेले आणि सबक पुन्हा सोबत म्हटला.

ससा अजून पंचा पाहून मागे सरकतो. मुलगी आधी त्याच्या कानांमागून हात फिरवते, मग वाट पाहते. काल दोन नखे झाली. तिसऱ्याला त्याने पाय ओढून घेतला, तेव्हा तिने नेलकटर खाली ठेवले आणि मला म्हणाली, "बाबा, उद्या."