रिकामा ग्रह

विज्ञानकथेसाठी वस्तीयोग्य ग्रह रचणे हे काम वाटते तितके मोकळे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तिला बक्षीस मिळाले, आणि कल्पनेलाही विज्ञानाची शिस्त असते हे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडू लागले. आज आमच्यातला एखादा होतकरू लेखक ग्रह रचायला बसला, तर तारा केवढा, ग्रह किती अंतरावर, पाणी द्रवरूप राहील का, हे त्याला आधी ठरवावे लागते. २०१६ साली सापडलेला प्रॉक्झिमा बी आपल्या ताऱ्याभोवती ११.२ दिवसांत फिरतो; त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याचा संभव मोठा. तिथे मगरिब कधी, हा प्रश्न थट्टेचा नाही. (२००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर निघाला तेव्हा उलेमांनी उत्तर दिलेच: उड्डाणाच्या ठिकाणच्या वेळा धराव्यात.)

पण आम्हांला खटकते ते हवेचे. नायक उतरतो, शिरस्त्राण काढतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, ही भूमी निर्जीव आहे. हे कसे? पृथ्वीच्या हवेतला २१ टक्के प्राणवायू सजीवांनी केलेला आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. सजीव नाहीसे झाले तर खडक आणि ज्वालामुखीचे वायू तो हळूहळू गिळतील. उन्हाने पाणी फुटूनही प्राणवायू होतो, पण त्यात समुद्रच आटत जातो. तेव्हा समुद्र आणि श्वास दोन्ही देणाऱ्या लेखकाने तिथे कोणीतरी आधीपासून आहे, हे जवळजवळ कबूलच केलेले असते.

आमच्या फिकहमध्ये मेलेली जमीन जो जिवंत करतो, त्याची ती होते. इमाम अबू हनिफा त्यासाठी हाकिमाची परवानगी मागतात, आमचे कोकणी शाफई मागत नाहीत. मतभेद परवानगीचा, जमीन मेलेली आणि बेवारस हवी, याबद्दल नाही. गावाची चराऊ जागासुद्धा त्यात धरत नाहीत, मग तिथे एकही घर नसो. शेवाळ काही मालक नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ज्याच्या जिवावर आपण श्वास घेणार, त्याला 'कोणी नाही' म्हणायचे?

मोहन्यातला रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. लांबून पाहणाऱ्याला ती जागा रिकामी वाटे. वसाहतीत कामगारांची कुटुंबे त्यानंतरही राहत होती, चुली पेटत होत्या. आमच्या लेखकाचा नायकही यानातून, लांबूनच पाहत असतो. उतरल्यावर पहिले कुंपण तो कुठे घालतो, तेवढे आम्हांला वाचायचे आहे.