लाकडाचे वय

रुमानियाच्या उत्तर सीमेवर, तिसा नदीच्या अलीकडे, मारामुरेश नावाचा जो डोंगराळ मुलूख पसरला आहे, त्यातील ईउद गावाच्या टेकडीवर एक लाकडी चर्च आहे, आणि ते 1364 साली बांधले गेले असे त्या गावची परंपरा सांगते. 1921 मध्ये याच चर्चच्या माळ्यावर एक जुने हस्तलिखित सापडले, तेव्हा तेही चौदाव्या शतकातले आहे असा निर्वाळा देणारे विद्वान पुढे आले, आणि परंपरेला जणू दप्तरी दाखला मिळाला. पुढे भाषेच्या अभ्यासकांनी ते हस्तलिखित सतराव्या शतकात आणून बसविले. आणि वृक्षाच्या खोडातील वार्षिक वलये मोजून त्याच्या तोडणीचे साल सांगणाऱ्या शास्त्राने जेव्हा खुद्द तुळयांचीच जबानी घेतली, तेव्हा ही झाडेही सतराव्या शतकाच्या प्रारंभी केव्हा तरी कुऱ्हाडीखाली आली असे निष्पन्न झाले. परंपरा आणि पुरावा यांच्यामध्ये अडीचशे वर्षांचे अंतर पडले. तरीही तिकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या कानांवर आजही 1364 हाच आकडा पडतो.

याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या प्रदेशात घर, कुंपण, वेस आणि देवालय ही सर्व लाकडाचीच असतात, तेथे ‘जुने’ या विशेषणाचा आधार कोणता समजावयाचा, हा प्रश्न वलये मोजून संपत नाही. पाषाणाचे मंदिर जुने म्हणजे त्याचा पाषाण त्या जागी जुना, इतका हिशेब सरळ असतो. लाकूड मात्र कुजते, जळते, किडीच्या स्वाधीन होते. आणि म्हणूनच ते टिकवावयाचे तर ते सतत बदलत राहावे लागते. मग टिकते ते काय?

मारामुरेश पाहावयाचा तो नद्यांच्या काठाने. इझा, मारा, कोसेउ आणि विशेउ या नद्यांच्या खोऱ्यांतून गावे वसली आहेत. घरांपुढे ओकच्या लाकडाची प्रचंड कोरीव प्रवेशद्वारे असून त्यांवर सूर्याची चक्रे, पिळाच्या दोरासारखी नक्षी आणि जीवनवृक्ष हीच चिन्हे पुनःपुन्हा भेटतात. उतारावर खांबाभोवती रचलेल्या गवताच्या गंज्या दिसतात, आणि या सर्वांवरून दृष्टी सरकत असतानाच एखादा सडपातळ, काळसर मनोरा आकाशात घुसलेला आढळतो. शुर्देश्तीच्या चर्चचा मनोरा तर 54 मीटर उंच आहे, आणि त्याच्या तळाशी जे देवालय आहे ते आपल्याकडील एखाद्या खेड्यातल्या विठ्ठलमंदिराहून फारसे मोठे नाही. अशा आठ चर्चना 1999 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची सनद दिली; बुदेश्ती, देसेश्ती, रोगोझ, पोएनिले इझेइ ही त्यांतीलच गावे. सनद नसलेली चर्चही या खोऱ्यांतून पुष्कळ आहेत, आणि सनदेमुळे प्रवाशांची गर्दी आठांकडेच वळते, हे मला फारसे इष्ट वाटत नाही.

ही सर्व लाकडाचीच का, याचे उत्तर असे देतात की, हंगेरीच्या कॅथलिक राज्यकर्त्यांनी ऑर्थोडॉक्स रयतेला पाषाणाची देवालये बांधण्याची मनाई केली होती. जुलमाची कथा प्रत्येक समाजाला प्रिय असते, आणि या कथेत तथ्यही असेल; परंतु ज्यांच्या दारात ओक आणि फर यांची अरण्ये उभी होती आणि ज्यांच्या हातांत पिढीजात कुऱ्हाड होती, ते लोक मनाई नसती तरी लाकडाकडेच वळले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. मनाईपेक्षा मोठी आपत्ती आगीची होती. 1717 साली तातारांची शेवटची धाड या खोऱ्यांवर आली, तीत देवालयेच्या देवालये जळाली, आणि आज दिसणारी पुष्कळशी चर्च ही त्या राखेनंतरची आहेत. राखेच्या जागी पुन्हा तोच आराखडा उभा राहिला: पश्चिमेला स्त्रियांचा लहान मंडप, त्यावर मनोरा, मध्ये पुरुषांचा मंडप, त्याला वर लाकडाचीच कमान, आणि पूर्वेला, चित्रांकित लाकडी भिंतीच्या पलीकडे, केवळ धर्मोपदेशकाला प्रवेश असलेला गाभारा.

या बांधणीकडे जवळून पाहिले पाहिजे. दगडी पायावर आडवे ठेवलेले जाड चौकोनी ओंडके कोपऱ्यावर एकमेकांत अशा खाचा पाडून अडकविलेले असतात की, वरचा भार जितका वाढेल तितका सांधा अधिक आवळला जावा. जेथे जखडणे आवश्यक, तेथे लोखंडाऐवजी लाकडाच्याच खुंट्या ठोकलेल्या असतात. आतल्या बाजूस ओंडक्यांच्या फटींवर तागाच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून, वर पांढरा लेप देऊन, मग त्यावर चित्रे काढलेली असतात. लाकूड हलले की ती पट्टी फाटते, आणि एखाद्या संताच्या मुखावरून सरळ आडवी चीर गेलेली दिसते. छपरावर लाकडी कौले असतात. ती करवतीने चिरलेली नसावीत, हाताने फोडलेली असावीत, असा तेथील जाणत्या सुताराचा आग्रह असतो, आणि त्याला कारण आहे: करवत लाकडाच्या शिरा आडव्या कापते व उघड्या पडलेल्या शिरांतून पाणी आत शिरते, फोडलेली फळी मात्र शिरेच्या कलानेच दुभंगते, म्हणून पाणी तिच्यावरून घरंगळून जाते. तरीही काही दशकांनी कौले बदलावीच लागतात. म्हणजे सतराव्या शतकातल्या चर्चचे छप्पर सतराव्या शतकातले नव्हे. ते कोणाच्या तरी आजाने, आणि त्या आधी त्या आजाच्या आजाने, चढविलेले. भिंतींनाही एका जागेची सक्ती नाही. बर्सानाचे चर्च प्रथम एका मठाचे होते. मठ मोडल्यावर 1806 मध्ये ते उचलून गावाजवळच्या उंचवट्यावर नेऊन उभे करण्यात आले.

आपल्याला हा विचार अगदीच अपरिचित नाही. पुरीच्या जगन्नाथाची दारुमूर्ती ठरलेल्या तिथियोगावर बदलते. 2015 मध्ये असे नवकलेवर झाले. परंतु तेथे जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत गुप्तपणे ठेवला जातो, म्हणजे देह बदलला तरी काही एक सार अखंड आहे अशी श्रद्धेची तजवीज केलेली असते. मारामुरेशच्या कौलांत असे सार कोणी ठेवत नाही. याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या कार्ले येथील चैत्यगृहात आहे. तेथे अवघा डोंगर कोरून छत घडविले, त्याला आधाराची तिळमात्र गरज नव्हती. तरीही शिल्पकारांनी त्या पाषाणाच्या कमानीला खरोखरीच्या लाकडाच्या फासळ्या बसविल्या, आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही तेथे आहेत. चैत्य म्हणजे लाकडी फासळ्यांचा असावयाचा, ही कल्पना पाषाणापेक्षाही बळकट ठरली. कार्ल्यात द्रव्य बदलले आणि आकृती राहिली, मारामुरेशात द्रव्य झिजत राहिले आणि आकृती राहिली. तेव्हा आकृतीलाच चिरंतन म्हणावे, आणि पावित्र्यही तिच्याच खाती जमा करावे, असा मोह साहजिकच होतो. मलाही तो काही काळ झाला.

पण खुद्द त्या धर्माचा व्यवहार याला दुजोरा देत नाही. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत वेदीवर एक चौकोनी अभिमंत्रित कापड अंथरलेले असते. त्यावर ख्रिस्ताला थडग्यात ठेवतानाचे चित्र, आत शिवलेला एखाद्या संताच्या अस्थीचा कण, आणि धर्माध्यक्षाची स्वाक्षरी. या कापडावाचून मुख्य उपासना होऊ शकत नाही. आणि हे कापड असेल तर वेदी विधिपूर्वक प्रतिष्ठित नसली तरी चालते. म्हणजे शास्त्रार्थ पाहिला तर मनोरा, कमान, खाचा, कौले ही सर्व शोभा. पावित्र्याचे बिऱ्हाड घडी घालून बगलेत नेता येण्याजोगे.

हा शास्त्रार्थ केवळ ग्रंथापुरता राहिला नाही. अठराव्या शतकात या भागातील पुष्कळ गावांनी रोमच्या पोपची सत्ता मान्य केली होती, परंतु आपली उपासना, आपली चित्रे, आपले विवाहित धर्मोपदेशक पूर्वीचेच ठेवले होते; हेच ग्रीक-कॅथलिक. 1 डिसेंबर 1948 च्या सरकारी हुकुमाने तो पंथच बरखास्त झाला, आणि त्याची देवालये ऑर्थोडॉक्स चर्चच्या ताब्यात गेली. आदल्या रविवारी ज्या भिंतींमध्ये जी प्रार्थना चालली होती, जवळजवळ तीच प्रार्थना पुढल्या रविवारी चालली; उणे झाले ते पोपचे नाव. लाकडाला हा फरक कळण्याचे काही साधन नव्हते. ज्यांना तो कळला, आणि ज्यांनी तो मान्य करण्याचे नाकारले, त्यांनी घरांच्या बंद दारांआड उपासना चालविली. त्यांच्या धर्माध्यक्षांतील अनेकांना मारामुरेशच्याच सिगेत शहरातील तुरुंगात डांबण्यात आले आणि काहींचा तेथेच अंत झाला. या पंथाच्या सात धर्माध्यक्षांना पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये धन्य म्हणून घोषित केले. 1989 च्या क्रांतीनंतर पंथ पुन्हा कायदेशीर झाला, पण देवालयांच्या मालकीचे कज्जे कैक वर्षे चालू राहिले. आता ज्यांनी चार दशके घरातल्या मेजावर उपासना केली, त्यांनी चर्च परत मागावे का? तत्त्वतः त्यांची गरज मेजावर भागत होती. तरीही त्यांनी मागितले, आणि माझ्या मते त्यांनी योग्यच केले, कारण त्या भिंतींत त्यांच्या आज्या-पणज्यांचे श्रम होते. श्रमाची ही मालकी कोणत्याच धर्मशास्त्राला नीट मांडता आलेली नाही.

श्रद्धेची दुसरी बाजूही या भिंतींवरच आहे आणि ती गाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोएनिले इझेइच्या चर्चमधील 1794 ची नरकाची चित्रे प्रवासी हसत पाहतात. पाप्यांना गिळण्यास टपलेला एक महाकाय पक्षी तेथे आहे, आणि चर्चमध्ये डुलक्या घेणाऱ्यांनाही शासन आहे. देसेश्तीला मात्र हसू मावळते. राडू मुंतियानू या चित्रकाराने 1780 मध्ये तेथे अंतिम न्यायदिवस रंगविला, आणि त्यात न्यायासाठी तिष्ठत असलेल्या परक्यांच्या रांगा दाखविल्या: तुर्क, तातार आणि ज्यू. तुर्क-तातार हे धाडी घालणारे. पण ज्यू तर याच खोऱ्यांतले शेजारी, बाजाराच्या दिवशी हमखास भेटणारे. सिगेत हे त्यांचे मोठे केंद्र. ज्यू लेखक एली वीझेल यांचा जन्म तेथलाच, 1928 चा. मे 1944 मध्ये, हा भाग हंगेरीच्या अमलाखाली असताना, मारामुरेशचे ज्यू आगगाड्यांत कोंबून आउशवित्झला पाठविण्यात आले. भिंतीवरच्या चित्राने हे घडविले असे मी म्हणणार नाही. असे सरळ कार्यकारण इतिहासात सापडत नाही. पण दीडशेहून अधिक वर्षे, दर रविवारी, त्या चित्राखाली उभे राहणाऱ्यांना शेजारी कोणत्या रांगेत आहे हे शिकविले जात होते, एवढे नमूद केलेच पाहिजे. पोलंड-लिथुआनियातील ज्यूंचीही अशीच अप्रतिम लाकडी प्रार्थनामंदिरे होती. त्यांतील बहुतेक दुसऱ्या महायुद्धात जाळली गेली, आणि ती पुन्हा उभारण्यासाठी जे हात हवे होते, तेच उरले नाहीत. 1717 ची राख आणि ही राख यांत फरक आहे तो एवढाच, आणि आकृतीच्या चिरंतनत्वावरचा माझा विश्वास ढळला तो त्या फरकाने. आराखडा कागदावर असून भागत नाही; कौल बदलण्याची वेळ आली की शिडीवर चढणारा कोणी तरी गावात असावा लागतो.

तो कोणी आज गावात असेलच असे नाही. मारामुरेशचे तरुण इटली, स्पेन, फ्रान्समध्ये मजुरीला जातात, आणि त्या पैशातून घरी परत येऊन सिमेंटचे दुमजली बंगले बांधतात; आपल्या कोकणातल्या चाकरमान्याला याचे नवल वाटू नये. पुष्कळ गावांत नित्याची उपासना मोठ्या नव्या चर्चमध्ये होते, आणि जुन्या लाकडी चर्चची किल्ली शेजारच्या घरातून मागून आणावी लागते. याच्याच जोडीला एक उलटे दृश्य आहे. बर्साना येथे 1993 पासून नवा मठ उभारला गेला, संपूर्ण लाकडाचा, जुन्याच धाटणीचा, 57 मीटर उंचीच्या मनोऱ्यासह. तेथे भाविकांची गर्दी आहे, नित्य उपासना आहे, फुलांचे ताटवे आहेत. रसिक प्रवासी नाक मुरडतात, याला नक्कल म्हणतात. मला ते मान्य नाही. तीस वर्षांच्या त्या लाकडात जे सुतार घडले, तेच उद्या ईउदच्या टेकडीवरचे छप्पर शाकारू शकतील. सरकारपाशी आणि युनेस्कोपाशी जो निधी आहे, त्यातील मोठा वाटा फलक, वाहनतळ आणि रंगीत पुस्तिका यांच्याऐवजी शिरेच्या कलाने लाकूड फोडावयास शिकणाऱ्या पोरांच्या वेतनावर खर्च व्हावा, आणि तोही ती पोरे मिलानची गाडी पकडण्यापूर्वी.